दगडाचं गाणं

आमच्या बँडला पोलीस ठाण्यात बोलावणं आलं ते एका गाण्यामुळं, आणि ते गाणं मी लिहिलं होतं. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझं लिखाण म्हणजे तोवर कॉलेजच्या भित्तिपत्रकात आलेल्या दोन कविता, एवढंच होतं.

आण्णा, म्हणजे माझे वडील, बँडमास्तर. कोल्हापुरात तेव्हा बँड पुष्कळ होते, पण आमचा लांबून ओळखू यायचा तो कोटांमुळं. बाकी सगळ्यांचे कोट लाल, आमचे निळे. "निळंच का वो मास्तर?" असं कुणी विचारलं की आण्णा म्हणायचे, "दुकानात निळंच कापड मिळालं." विचारणाऱ्यालाही खरं उत्तर ठाऊक असायचं, आणि दोघंही हसायचे. चौदा माणसं होती बँडात. बहुतेक जण फाउंड्रीत नाहीतर गवंड्याच्या हाताखाली काम करणारी. ताशा वाजवणारा हातकणंगल्याहून पॅसेंजरनं यायचा आणि लग्नघरचं जेवण झाल्याशिवाय परत जायचा नाही. आण्णा स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांना सही करण्यापुरतंच लिहिता यायचं, पण एकदा ऐकलेली चाल ते जन्मात विसरायचे नाहीत.

गाणारे एक काका होते. सकाळी ते महापालिकेचा झाडू हातात घ्यायचे आणि संध्याकाळी माईक. मिरवणुकीत स्पीकर लावलेला हातगाडा असायचा, त्याच्या कडेनं चालत ते गायचे. आवाज जरा फाटका, पण असा की चार गल्ल्या पलीकडची माणसं दारात यायची. नवीन गाणं आलं की मी रेडिओजवळ बसून शब्द उतरवायचे आणि काकांना वही द्यायचे. त्यांना वाचता यायचं, पण अक्षर माझंच लागायचं. दुसऱ्या कुणी लिहून दिलं की म्हणायचे, "हे अक्षर सुरात न्हाय."

आमच्या वस्तीत बुद्धविहाराच्या मागं एक मोकळी जागा होती. तिथं वाचनालय आणि अभ्यासिका व्हायची होती. वस्तीतली घरं एकखणी. दहावी-बारावीची मुलं पुस्तकं घेऊन विहाराच्या पायरीवर बसायची, मीही तिथंच बसून पास झाले. मी चौथीत असताना आमच्या नगरसेवकांनी त्या जागेवर पहिली कोनशिला बसवली. नववीत असताना दुसरी बसवली. मी कॉलेजात गेले त्या वर्षी तिसरी. तिन्ही वेळा हार, नारळ, भाषण आणि फोटो. तिन्ही वेळा आमचाच बँड. मधल्या काळात पहिली कोनशिला आडवी झाली आणि बायका तिच्यावर धुणं धुवायला लागल्या. दुसरी चहाच्या गाड्यासमोरच्या बाकाला तुटलेल्या पायाच्या जागी लागली. तिसरी तेवढी वाळका हार गळ्यात घालून उभी होती.

एकदा जेवताना आण्णा एकदम म्हणाले, "तीन कोनशिला वाजवल्या मी. अजून इमारत एक बी वाजवली न्हाय."

मला हसू आलं. आण्णा हसले नाहीत. ताटातली भाकरी मोडत बसले. दुसऱ्या दिवशी अर्थशास्त्राच्या तासाला मी मागच्या बाकावर बसून गाणं लिहून काढलं.

*पहिला दगड बसला, हार घातला, नारळ फुटला,*
*दुसरा दगड बसला, हार घातला, नारळ फुटला,*
*तिसऱ्याला तर गर्दी लई, फोटो निघाला खासा,*
*पोरं इचारत्यात साहेब, दगड वाचायचा कसा?*

*दगडाला न्हाईत पानं साहेब, दगडाला न्हाय पुठ्ठा,*
*एका दगडावर धुणं आमचं, एकावर च्याचा कट्टा...*

संध्याकाळी काकांना वही दिली. त्यांनी मनातल्या मनात वाचलं, मग मोठ्यानं वाचलं, मग वही आण्णांच्या पुढं धरली. आण्णांनी वहीकडं न बघता क्लॅरिनेट उचललं आणि अर्ध्या तासात चाल बांधली. ठेका असा की बसलेल्या माणसाचा गुडघा आपोआप हलावा.

"जयंतीला म्हणूया?" काकांनी विचारलं.

"साहेब प्रमुख पावणं हायीत जयंतीला," आई चुलीपाशी बसून म्हणाली. "त्यांच्यापुढं म्हणणार?"

"मग कुणापुढं म्हणायचं?" आण्णा म्हणाले. "माघारी काय, सगळी वस्तीच म्हणत्या. त्यात आमी कशाला पायजे?"

एप्रिलातल्या जयंतीची संध्याकाळ अजून डोळ्यापुढं आहे. विहारासमोर स्टेज, स्टेजवर नगरसेवक, शेजारी अध्यक्ष म्हणून आमच्या वस्तीतले निवृत्त गुरुजी. ऊन उतरलं होतं, मिरवणुकीला अजून वेळ होता. बँडनं आधी नेहमीची दोन गाणी वाजवली. मग काकांनी माईक तोंडाजवळ घेतला आणि माझ्याकडं एकदा बघून सुरुवात केली.

गंमत अशी की पहिल्या दोन ओळींना नगरसेवक टाळ्या वाजवत होते. हार घातला, नारळ फुटला. त्यांना वाटलं आपलंच कौतुक चाललंय. मागं बायका बसल्या होत्या, त्यांच्यात पहिल्यांदा खसखस पिकली. फोटोची ओळ आली तेव्हा टाळी अर्ध्यात थांबली. 'दगड वाचायचा कसा' ही ओळ काकांनी दुसऱ्यांदा घेतली तोवर सगळा मांडव ती म्हणत होता, आणि धुण्याची ओळ आल्यावर तर बायकांनी उठून पदर उडवले. नगरसेवक शांतपणे उभे राहिले, सगळ्यांना हात जोडले आणि चहा न घेता निघून गेले.

मी खांबाला टेकून उभी होते. तोंडावरचं हसू काही केल्या जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी घरी आले. त्यांनी वस्तीतल्या निम्म्या माणसांना बाराखडी शिकवली होती, त्यामुळं ते आले की आण्णासुद्धा उभे राहायचे. खुर्चीत बसून गुरुजी म्हणाले, "गाणं कुणाचं?"

"माझं," मी म्हणाले.

"चांगलं जमलंय. एक शब्द खोटा नाही. पण बोलावलेल्या माणसाला आपल्या स्टेजवर बसवून तोंडावर असं म्हणणं मला पटलं नाही. सभा घ्यायची होतीस, मोर्चा काढायचा होतास. जयंतीचा दिवस तेवढा सोडायचा होतास."

"गुरुजी, जयंतीचा दिवस सोडून ते हिकडं कधी येत्यात?" आण्णांनी विचारलं.

गुरुजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. मग म्हणाले, "तेही खरंच." पण जाताना मला पुन्हा म्हणाले, "तरीपण विचार कर." मी विचार केला. आजही करते. गुरुजी चुकीचे होते असं मला पूर्णपणे कधीच म्हणता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी एका पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली: जयंतीच्या व्यासपीठावरून बँडच्या गाण्यात लोकप्रतिनिधीची बदनामी, परिसरात तणाव. परिसरात कसला तणाव? वस्तीत तर लहान पोरंसुद्धा नाचत गाणं म्हणत होती. पण नगरसेवकांच्या माणसांनी तक्रार दिली होती आणि आण्णांना ठाण्यात बोलावणं आलं. आण्णा, काका आणि मी निघालो. वाटेत गुरुजी धोतराचा सोगा धरून उभे होते. म्हणाले, "मी पण येतो. मला पटलं नाही हे तुमच्या-माझ्यातलं. पोलिसांना ते कशाला सांगायचं?"

इन्स्पेक्टर तिकडं विदर्भातले, नुकतेच बदलून आलेले. समोर तक्रारीचा कागद होता.

"हे गाणं कोणी लिहिलं?"

"मी," आण्णा म्हणाले.

"न्हाय साहेब, मी लिवलंय," मी पुढं होऊन म्हणाले. "म्हणून तर मी आलो ह्यांच्यासंगं."

इन्स्पेक्टरांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. "आलो?"

दारातला हवालदार इथलाच होता. तो म्हणाला, "साहेब, आमच्याकडं पोरी बी आलो-गेलोच म्हणत्यात. हिनंच लिवलं असणार. मास्तरांस्नी लिवाय येत न्हाय."

आण्णांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो दारामागं सरकला.

"बरं, म्हणा ते गाणं," इन्स्पेक्टर म्हणाले. काका शाळेत उभं राहिल्यासारखे हात मागं बांधून उभे राहिले आणि त्यांनी गाणं धडा वाचावा तसं वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर इन्स्पेक्टर कागदाकडं बघत म्हणाले, "असं नाही. तक्रारीत लिहिलं आहे की चाल चिथावणीखोर आहे. चालीत म्हणा."

आता काकांना चालीत म्हणा म्हटल्यावर कमी आवाजात म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पहिल्या ओळीलाच खिडकीतली चिमणी उडाली. आण्णांची बोटं टेबलाच्या कडेवर ठेका धरायला लागली. सायकल हरवल्याची तक्रार द्यायला एक पैलवानासारखा माणूस बाहेर बाकावर बसला होता, दुसऱ्या कडव्याला तोही 'दगड वाचायचा कसा' म्हणायला लागला. हवालदारानं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. इन्स्पेक्टरांनी पेन दातात धरला होता. तो का धरला होता ते मला आता कळतं.

गाणं संपल्यावर गुरुजींनी तक्रारीचा कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "साहेब, ह्यात 'चिथावणी' चुकीचं लिहिलंय. 'लोकप्रतिनिधी'तलं 'ति' दीर्घ काढलंय. तेवढं सुधारून घ्या."

"गुरुजी, तुम्ही कोणाच्या बाजूनं आला आहात?"

"मराठीच्या," गुरुजी म्हणाले.

शेवटी इन्स्पेक्टरांनी आण्णांना समज दिली. निवडणूक दिवाळीच्या सुमारास व्हायची होती, तोवर वातावरण बिघडायला नको, म्हणून एक लेखी द्या म्हणाले: निवडणूक होईपर्यंत सदर गाणे सार्वजनिक ठिकाणी गाणार नाही. मीच ते लिहिलं. आण्णांनी सावकाश सही केली, पेन खाली ठेवला आणि विचारलं, "साहेब, गायचं न्हाय, ते कळलं. वाजवायचं बी न्हाय?"

इन्स्पेक्टरांनी तक्रारीचा कागद पुन्हा एकदा वाचला. "वाजवण्याबद्दल तक्रारीत काही नाही," ते म्हणाले. "जा आता."

पुढं मे महिन्याचा लग्नाचा हंगाम होता. वरात चौकात आली की कुणीतरी ओरडायचंच, "पावणं, ते दगडाचं वाजवा की!" आण्णा क्लॅरिनेट उचलायचे, काका माईक बंद करून हात खिशात घालून उभे राहायचे, आणि शब्द लोक म्हणायचे. आमच्याकडून एक अक्षर नाही. आजऱ्याचं एक वऱ्हाड आलं होतं. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, पण दोन गल्ल्या ओलांडेपर्यंत नवरदेवासकट सगळ्यांचं गाणं पाठ झालं होतं. नवरदेव घोड्यावरनं विचारत होता, "पण ह्ये साहेब कोण?" त्याला बँडातल्या कुणी सांगितलं नाही, कारण आम्ही सांगणं म्हणजे गाणंच झालं असतं.

पण सगळंच हसण्यासारखं नव्हतं. नगरसेवकांच्या माणसांच्या घरची लग्नं दुसऱ्या बँडकडं गेली. आणि जूनमध्ये काकांची बदली झाली. शहराच्या पार दुसऱ्या टोकाचे रस्ते त्यांना झाडायला दिले. अंधार असतानाच सायकल काढावी लागायची. संध्याकाळी माईक धरेपर्यंत त्यांचा आवाज बसलेला असायचा. काका मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांची बायको मात्र नळावर म्हणाली, "बाई, तुझ्या गाण्यानं आमच्या माणसाचं पाय सुजलं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच मला ते जास्त लागलं. गाणं माझं, टाळ्या मला, आणि पायडल मारणार काका. त्या दिवसापासून मी वही उघडली नाही.

आठवडाभरानं, घरी कुणाला न सांगता, मी सकाळी नगरसेवकांच्या ऑफिसात गेले. मनात ठरवलं होतं, माफी मागायची, काकांना परत आणायचं आणि विषय संपवायचा.

ते एकटेच पेपर वाचत बसले होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला.

"म्हणजे दगडवाली तू? बस." त्यांनी चहा मागवला. "तुझ्या गाण्यामुळं माझी नातवंडंसुद्धा मला बघून गुणगुणत्यात, ठावं हाय?"

"काकांची बदली रद्द करा," मी म्हणाले. "चूक असली तर माझी हाय. त्यांनी नुसतं म्हटलं."

"बदली मी केली न्हाय. माझ्या माणसांनी कुणाला सांगितलं असंल तर बघतो." मग ते जरा पुढं वाकले. "पण एक सांगतो, ऐक. तीन वेळा म्या दगड बसवला, तीन वेळा फंडासाठी हेलपाटं घातलं. एकदा फंड आला आणि परत गेला. एकदा जागेचा कागदच सापडंना. तिसऱ्या वेळंला म्हटलं, दगड तर बसवू, मागनं इमारत येईल."

"मग हे लोकांस्नी सांगायचं हुतं की!"

"सांगितलं असतं तर मतं दिली असती काय?"

इतकं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. मी माफी मागायला गेले होते, पण ती ओठांवर आलीच नाही, कारण त्यांच्या बोलण्यातून गाण्याचंच पुढचं कडवं ऐकू यायला लागलं होतं. मी तसं त्यांना सांगितलंही. "हे मी गाण्यात घालू?"

त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, माझं रडगाणं बी आता बँडवर वाजवणार तू?" पण मग हसले. "घाल. निदान माझी बाजू तर येईल."

पंधरवड्यात काका परत आमच्या वस्तीत झाडायला लागले. आणि मी वही उघडून तिसरं कडवं लिहिलं.

*फंड आला, फंड गेला, फंड वाटंत मुरला,*
*हेलपाटं घालून साहेबांचा जोडा न्हाय उरला,*
*खोटं बोलून मतं मिळती, खरं बोलून हशा,*
*पोरं तरी इचारत्यात साहेब, दगड वाचायचा कसा?*

आण्णांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "आता गाणं पुरं झालं." काकांना तर तेच कडवं सगळ्यात आवडलं. पण लेखी दिलेलं होतं. त्यामुळं ते घरातच राहिलं.

दसऱ्यानंतर प्रचार तापला आणि एका सकाळी गल्लीत विरोधी उमेदवाराची रिक्षा शिरली. वर भोंगा, आणि भोंग्यातून आमची चाल! दुसऱ्याच कुणाचा तरी गोड आवाज, पहिलं कडवं जसंच्या तसं, आणि शेवटी जोडलेली ओळ: त्यांचं चिन्ह आणि 'प्रचंड मतांनी विजयी करा'. आण्णा दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते रिक्षासमोर जाऊन उभे राहिले.

"बंद कर."

"मास्तर, तुमचंच गाणं हाय की!" रिक्षावाला म्हणाला. "तुमच्याच बाजूची मानसं हाय आमी."

"आमची कुठली बाजू?" आण्णा म्हणाले. "आमी वाचनालयाच्या बाजूचं. तुमच्या कॅसेटीत वाचनालय कुठं हाय दाव."

त्यांनी जोडलेल्या ओळीत वाचनालय बांधू असा शब्द खरंच नव्हता. रिक्षा निघून गेली, पण कॅसेट शहरभर वाजत राहिली. आमच्यावर लेखी होतं, त्यांच्यावर नव्हतं. त्या महिन्यात दोन्ही बाजूंनी आमच्या बँडला प्रचारफेरीसाठी बोलावलं. आण्णांनी दोघांनाही एकच सांगितलं, "लग्नाच्या तारखा हायीत." लग्नाची एकही तारीख नव्हती. चौदा माणसांना महिनाभर बसून राहावं लागलं, आणि कुणी कुरकूर केली नाही असं म्हणणं खोटं ठरेल. ताशावाला हातकणंगल्याहून मुद्दाम भांडायला आला आणि जेवूनच गेला.

आमचे नगरसेवक पडले. किती आमच्या गाण्यामुळं आणि किती इतर कारणांनी, ते कुणाला सांगता येणार? विरोधी उमेदवार निवडून आले आणि दोन महिन्यांच्या आत त्यांचा माणूस आमच्या दारात. म्हणाला, साहेब वाचनालयाची कोनशिला बसवणार आहेत, आणि ह्या कामाचं श्रेय तुमच्या गाण्याला आहे म्हणून बँड तुमचाच पाहिजे.

आण्णा क्लॅरिनेट पुसत होते. त्यांनी ते पुसून पेटीत ठेवलं, पेटी बंद केली, आणि म्हणाले, "कोनशिलेला वाजवायचं आमी सोडलंय. उद्घाटनाला बोलवा."

चौथी कोनशिला बँडाशिवाय बसली. त्यांनी टेपरेकॉर्डर आणला होता.

त्याच सुमारास एका रविवारी सकाळी पडलेले नगरसेवक चालत आमच्या वस्तीत आले. ना गाडी, ना मागं माणसं. विहाराच्या पायरीवर बसले आणि आण्णांना म्हणाले, "निवडणूक संपली. तुमचं लेखी बी संपलं. आता म्हणा की पुरं." तालमीला बँड जमलाच होता. काकांनी तिन्ही कडवी म्हटली. आपल्या कडव्याला ते मान खाली घालून ऐकत होते, मला वाटलं त्यांना वाईट वाटलं. संपल्यावर मान वर करून म्हणाले, "ह्यात फंड लई येळा आलाय. खऱ्यात एवढ्या येळा आला असता तर बरं झालं असतं." गुरुजी पोट धरून हसले. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच बघितलं.

मधे पाच-सहा वर्षं गेली. मी एका हायस्कुलात शिकवायला लागले. काकांनी माईक भाच्याला दिला आणि स्वतः गाड्याशेजारून चालत त्याच्या चुका काढू लागले. नवीन शतक सुरू झालं तसा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि त्या पडलेल्या नगरसेवकांची बायको उभी राहिली. आमच्याकडं प्रचाराला आल्या तेव्हा बायकांनी त्यांना धुण्याच्या दगडापाशी नेऊन उभं केलं. त्यांनी दगडावरचं अर्धं पुसलेलं नवऱ्याचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, "माझं नाव असं दगडावर नको. काम झाल्यावर बघू." त्या निवडून आल्या, जागेचा कागद कुठल्याशा कपाटातून शोधून काढला, आणि कुठलाही समारंभ न करता एका सोमवारी गवंडी कामाला लागले. गवंड्यांत आमच्या बँडातला युफोनियमवाला, म्हणजे ते पोटाशी धरायचं मोठं पितळी वाद्य वाजवणारा, होता.

इमारत दीड वर्षात झाली. खाली वाचनालय, वर अभ्यासिका. पण उद्घाटनाला मंत्री पाहिजे असं सगळ्यांचं म्हणणं पडलं आणि मंत्र्यांची तारीख मिळेना. एकदा मिळाली ती रद्द झाली. मुलं काही तारखेची वाट बघत बसली नाहीत. गुरुजींनी किल्ली आपल्याकडं घेतली आणि वरची खोली सकाळ-संध्याकाळ उघडायला सुरुवात केली. शेवटी मार्चमध्ये एका संध्याकाळी मंत्री पन्हाळ्याहून परत जाताना अर्धा तास देणार असं ठरलं.

आण्णांनी तोवर साठी ओलांडली होती. त्यांनी निळा कोट इस्त्री करून घातला. चौदाच्या चौदा माणसं आली, त्यात तीन तर वयानं बँड सोडलेली होती, तरी आली. मंत्र्यांची गाडी अजून चौकात होती तेवढ्यात आण्णांनी इशारा केला आणि बँड सुरू झाला. इतकी वर्षं दाबून ठेवलेला दम होता तो. ताशा असा तडतडला की नव्या इमारतीच्या काचा थरथरल्या. नगरसेविका, त्यांचे यजमान, बायका, पोरं, सगळे ठेका धरून उभे.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि दोन वेण्या घातलेली एक मुलगी बाहेर डोकावली. हातात भूमितीचं पुस्तक. तिनं हात हलवून काहीतरी ओरडून सांगितलं. कुणाला ऐकू गेलं नाही. मग ती धडाधड जिना उतरून खाली आली, सरळ आण्णांच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, जरा थांबवा की! उद्या पेपर हाय आमचा. काहीच डोक्यात शिरंना!"

आण्णांनी क्लॅरिनेट ओठांवरून काढलं. एक हात वर केला. चौदा माणसं एका दणक्यात गप्प झाली. त्या शांततेत मंत्र्यांची गाडी दारात येऊन थांबली आणि आतून कुणीतरी विचारलं, "बँड का बंद पडला?"

"साहेब, आत अभ्यास चाललाय," आण्णा म्हणाले. "जरा हळू या."